साळ्याचं घोरणं सगळ्यांना ऐकवलं

मित्रांनो, आज आमगावला सासुरवाडीत बारसं होतं. झोपेत माझा श्वास बंद पडायचा, म्हणून वर्षभरापासून गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली आहे. दिवसा बूच लावून बोलतो, झोपताना बूच काढतो, तेव्हा नळी शिट्टीसारखी वाजते.

साळा पाहुण्यांसमोर म्हणाला, "काऊन भाऊजी, आज पुंगी नाही वाजवून राहिले?" सगळे हसले.

जेवून तो ओसरीवर घोरू लागला. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि चहाच्या वेळी मोठ्या आवाजात लावलं. आता हसू त्याच्यावर होतं. जीव थंड झाला!

बायको तेवढी हसली नाही. घोरणं मध्येच थांबत होतं, श्वासासकट. "उद्याच याले दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

नेतो. पण त्याला नळी बसली, तर पाहुण्यांसमोर पुंगी मागणारा पहिला मीच. तुम्ही सोडलं असतं?