दादूसांचा कान

पेटी दुरुस्त करायला आले की दादूस आधी तिच्याकडे पाठ करून बसायचे. ज्यूकबॉक्स हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. त्यांच्या लेखी ती गाण्याची पेटी. पुढ्यात चहा ठेवायचा, पेटीत नाणं टाकून बटण दाबायचं आणि गप्प राहायचं, एवढंच आमचं काम. चहा संपेपर्यंत त्यांना दोष सापडलेला असे. "आत घुंगुरटं गुनगुनतंय. कंडेन्सर सुकला," म्हणत ते पेचकस काढत, आणि कंडेन्सर सुकलेलाच निघे.

वाशीच्या खाडीपुलाजवळ आम्ही दोघा भावांनी हॉटेल काढलं, तेव्हा मुंबईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून ही पेटी हौसेनं आणली होती. हौस अंगाशी आली. खाऱ्या हवेनं आतल्या तारांना गंज चढे आणि पेटी दर पंधरवड्याला रुसून बसे. एकदा तबकडी उचलणारा हात मध्येच अडकला म्हणून धाकट्यानं पेटीला दोन गुद्दे घातले. दादूस ताडकन उठले. "हात नको लावू! म्हातारी हाय ती. तुझे आयेला असा मारशील का रं?" त्या दिवशी त्यांनी धाकट्याच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

ते शेजारच्याच आगरी गावातले. उमेदीची वर्षं त्यांनी गोदीत, बोटींच्या इंजिनांच्या धडधडाटात वायरमन म्हणून काढली होती. बापाचं मिठागर नव्या शहरासाठी सरकारनं घेतलेल्या जमिनीत गेलं. त्याबद्दल ते रडगाणं गात नसत. "मीठ सुकी मासली राखतं, तारंला मातर खातं," एवढंच म्हणत आणि गंजलेला सांधा घासत बसत. मिठागर गेल्यावर घरात उरला तो त्यांचा कान. गावातले रेडिओ आणि आमची पेटी, यांवर त्यांची चूल पेटत होती. "डोले फसवतान, कान नाय," हे ते अभिमानानं सांगत, आणि आम्हालाही ते पटलेलं होतं.

पुढे घाऊक बाजार वाशीला आला, आमच्याकडे कांद्याच्या ट्रकवाल्यांची गर्दी होऊ लागली. त्याच सुमारास एका दुपारी दादूस न बोलावता आले. जाता जाता ऐकलं म्हणाले. पेटीचा आवाज बसलाय. मला तसं काही वाटत नव्हतं, पण त्यांच्यापुढे माझ्या कानाची काय मातब्बरी! मी नाणं टाकलं. ते पाठ करून बसले. चहा संपला, तरी दोष सापडेना.

मग त्यांनी पेटी उघडली. सांधे घासले, व्हॉल्व्ह बदलून पाहिले, सुई बदलली. प्रत्येक वेळी गाणं लावायचे, आवाजाचं बटण थोडं आणखी पुढे सरकवायचे आणि मान हलवायचे. कपबशा थरथरू लागल्या. "ओ सेठ, कान फाडेगा क्या?" एक ड्रायव्हर ओरडला. दादूसांनी वळूनही पाहिलं नाही. काय झालंय ते मला कळलं होतं; तरी मी नाणी टाकत राहिलो.

शेवटी तपासायला काही उरलं नाही. त्यांनी स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकवला; जाळी जोरात थरथरत होती. मग सावकाश मागे वळले. ड्रायव्हर कानांत बोटं घालून बसला होता. दादूसांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काही लपवण्याइतका शहाणा नव्हता.

त्यांनी आवाजाचं बटण हळूहळू मागे आणलं. नजर लोकांच्या तोंडांवर. ड्रायव्हरनं बोटं काढून कप उचलला, तसा त्यांचा हात थांबला. हत्यारं पिशवीत भरली. "पेटी बरी हाय," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि थबकले.

"गाना संपला का रं?"

गाणं ऐन रंगात आलं होतं.

"नाही, दादूस. चालू आहे," मी ओरडून सांगितलं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

"र्‍हाऊं दे चालू," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.