पाण्यातली नाडी

कीथ हॅनिगन चाळीस वर्षं पळाला आणि चाळीस वर्षं बायकोच्या पोहण्याला आराम म्हणत आला. रोज सकाळी तो कड्यावरच्या वाटेने पळायचा. नोरीन खाली, खडकात बांधलेल्या, लाटा आत येणाऱ्या समुद्राच्या तलावात पोहायची. मग दोघं काठावर चहा प्यायची. कीथ मानेवर दोन बोटं ठेवून आधी स्वतःची नाडी मोजायचा, मग तिची. तिची नेहमी कमी भरायची.

"एकशे दहा! पोहतेस की पाण्यात लोळतेस?"

"लोळते," नोरीन हसून म्हणायची.

"मग थर्मास तू घे. मी दमलोय."

ओल्या टॉवेलांची पिशवी आणि थर्मास घेऊन ती कड्याच्या पायऱ्या चढायची. अर्ध्या वाटेवर हटकून बसायची. "तू हो पुढे. मी जरा जहाजं बघते." कोळशाच्या जहाजांत बघण्यासारखं काय असतं, देव जाणे. कीथने कधी विचारलं नाही. अशी माणसं वाईट नसतात, नुसती पुढे चालत असतात.

गेल्या उन्हाळ्यात नोरीन गेली. पाठोपाठ कीथच्या गुडघ्यांनी संप पुकारला. पळणं सुटलं, घर खायला उठलं. तिची जागा तरी रिकामी राहू नये, म्हणून हिवाळ्यात तो तिच्या पोहण्याच्या क्लबात जाऊन उभा राहिला.

तिथली रविवारची शर्यत अशी, की जो सगळ्यांत हळू तो सगळ्यांच्या आधी सुटतो. क्लबची बेरिल प्रत्येकाला आकडा ठरवून देते आणि काठावरून मोठ्याने मोजते, आपला आकडा आला की उडी मारायची. तिचा अंदाज बरोबर असला तर सगळे जवळजवळ एकदमच भिंतीला पोचतात. बेरिलने कीथला नोरीनचाच आकडा दिला.

"तिचा? अगं, मी पळणारा माणूस! आठवडाभर पोहून पाहिलंय, नाडी एकशे पंधराच्या वर जात नाही. कड्यावर पळताना दीडशे व्हायची. अजून पुष्कळ जोर शिल्लक आहे माझ्यात. उशिराचा आकडा दे."

"आठवडाभर नाडीच मोजत बसलास, म्हाताऱ्या? गार पाण्यात आडवं पडलं की नाडी गोडच बोलते, कितीही दमलं तरी कमीच भरते. खांद्यांना विचार. आधी नोरीनचा आकडा पुरा कर, मग बघू."

कीथ इरेला पेटला. नाडी कमी म्हणजे मेहनत कमी, या हिशेबाने त्याने सुरुवातीपासूनच दणादण हात मारले. परतीला छाती फुटायला आली, खांदे दगड झाले, श्वासाला तोंड वर काढावं तर लाट तोंडात. भिंत हाती लागली तेव्हा बाकीचे केव्हाचेच काठावर गप्पा मारत होते. कुणी थट्टा केली नाही, ते त्याला जास्त लागलं. त्याने दोन बोटं मानेवर ठेवली. एकशे अठरा.

"आणि नोरीन?" त्याने धापा टाकत विचारलं. "ती सगळ्यांबरोबर पोचायची?"

"दर रविवारी," बेरिल म्हणाली.

माणसं आपापल्या घरी जेवायला गेली. कीथने पिशवी आणि थर्मास उचलला. अर्ध्या पायऱ्यांवर तो मटकन बसला. बसल्यावर सवयीने जहाजं शोधायला मान वर केली. समोर नुसता कड्याचा खडक होता. त्या पायरीवरून समुद्र दिसतच नव्हता.

त्याने पिशवी आणि थर्मास मांडीवर घेऊन शेजारी जागा केली.

"बस गं, नोरीन," तो त्या रिकाम्या जागेला म्हणाला. "मी थांबतो."