चंद्राबाईच्या नावावरची पावडर

महाडच्या मंडईत चंद्राबाईच्या पाटीसमोर चैत्राली वाकली, ओंजळभर वाल उचलले आणि नाकाशी नेले. एवढ्यानंच चंद्राबाईचं डोकं तडकलं. वाल म्हणजे काय सुकट आहे, वास घेऊन बघायला?

“काय गो, नाकानं खानार हाय का बिरडं?”

चैत्राली ओशाळली. बँकेतल्या कारकुनाची ही बायको चंद्राबाईचं पाच वर्षांचं बांधलेलं गिऱ्हाईक. दर फाल्गुनात वर्षाची बेगमी म्हणून दोन पायली कडवे वाल न्यायची. दुसऱ्या कोणाचे नेले तर तिच्या सासूबाई ताटावरूनच ओळखायच्या.

“तसं नाही हो. पण मातीखाली पावडर लावलेली असते ना. मागे आमच्या बाळाला उलट्या झाल्या, तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलंय, बोरिक पावडर अजिबात पोटात जाऊ देऊ नका म्हणून.”

“मंग मला काय सांगतेस? कंची पावडर?”

“तुम्ही लावता ती. पुस्तकात आलंय की, तुमच्याच नावानं.”

चैत्रालीच्या पिशवीत पुस्तक होतंच, कारण त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर तिनं बाजाराची यादी केली होती. ‘घरच्या घरी शंभर युक्त्या’. महाडच्या महिला मंडळानं संक्रांतीला छापून काढलेलं, वर तुळशीवृंदावनाचं चित्र. तिनं पान काढून वाचलं, “वाल कडक उन्हात वाळवून एका पायलीला दोन मोठे चमचे बोरिक पावडर चोळावी. वर्षभर टोका, म्हणजे दाणा पोखरणारा किडा, पडत नाही, असे पोलादपूरच्या चंद्राबाई सांगतात.”

चंद्राबाईला बोरिक पावडर दोन ठिकाणची माहीत. एक, गणपतीला मुंबईची पोरं ओटीवर क्यारम मांडत, तेव्हा पाटावर शिंपडायची ती. दुसरी, कणकेत मळून झुरळांना ठेवायची ती.

“झुरळांचं औषध मी लेकरांच्या खान्यात घालते?” ती अशी ओरडली की शेजारी कांद्याच्या ढिगावर पेंगणारा चांगू खडबडून जागा झाला. “हे कोन बोललं? बोलनाऱ्याचं तोंड दाव मला!”

“तुम्हीच बोललात असं लिहिलंय,” चैत्राली हळूच म्हणाली.

“म्हातारे, बाजारात तर बोलतात का वालावरची माती बी तू वजनाला लावतेस,” चांगूनं जांभई देता देता भर घातली.

“मुडद्या, मी मापानं विकते! शेरानं! मापाला माती लावून कुनाचं घर भरलं आजवर?” तिनं पाटीतले चार वाल उचलले आणि कच्चेच, मातीसकट, दाढेखाली घातले. कडाकडा चावले. “बघ. हाय जिती. दे आता किती देऊ?”

चैत्रालीनं पिशवी मिटली. “पुढच्या बाजारी बघते,” म्हणाली आणि गेली. त्या दिवशी पाच ठरलेल्या बायका चंद्राबाईसमोरून तोंड चुकवून गेल्या. त्या का चुकवतात ते आता कळलं होतं, म्हणून प्रत्येकीची पाठ तिला चाबकासारखी लागत होती.

चंद्राबाई मूळची शिवथरची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत आली. नवरा मुरारी सरळ माणूस, पण सासू मैना म्हणजे आग्यामोहोळ. घरातली प्रत्येक गोष्ट तिच्या हातची आणि कुणाला न सांगायची. वाल कसे राखायचे हे सुनेला दाखवायला तिनं सहा वर्षं घेतली. पहिली पाच वर्षं नुसती माती आणायला पाठवायची. साधी माती चालत नाही, वारुळाची लागते. ती मुंग्यांनी चाळून चाळून पिठासारखी केलेली, आणि चिकट. तिचा पातळ गारा करायचा, वाल त्यात लोळवायचे, दाण्यादाण्याला अंगरखा बसला पाहिजे. मग तीन उन्हं दाखवायची. शेणानं सारवलेल्या कणगीत भरायचे, मध्ये मध्ये निरगुडीचा पाला. भिजत घातले की माती आपोआप पाण्यात उतरते, पाणी ओतून दिलं की वाल जसा वेलीवरून काढला तसा. “दान्याला सदरा घालतो तसं घालायचं,” मैना सांगायची. “किड्याला दार सापडता नये.”

मैना गेली आणि तिचं हे सगळं शहाणपण सुनेच्या हातात उतरलं. त्याच वालाच्या पाट्या महाडला नेऊन चंद्राबाईनं दोन पोरं वाढवली. थोरला आता मुंबईत, त्याची बायको वैशाली सासूपाशी. सातवी शिकलेली, घरात वाचणारी तेवढी एकच.

आणि हे शहाणपण पुस्तक काढणाऱ्या प्रमोदिनीबाईंना कुणी दिलं? तिनंच. गेल्या दिवाळीनंतर शाळेतल्या प्रमोदिनीबाई वही घेऊन मंडईत आल्या. मंडळाचं पुस्तक काढायचंय, म्हणाल्या, जुन्या बायकांच्या युक्त्या लोप पावताहेत. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई आपल्यासमोर पोत्यावर बसली याचंच चंद्राबाईला अप्रूप. विक्री सोडून ती दुपारभर बोलत राहिली. मिठाला पाणी सुटू नये म्हणून त्यात भाजलेले तांदूळ. पावसाळ्यात काडेपेटी सादळू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरलेली. तिखटात हिंगाचा खडा. नवं मडकं वापरायच्या आधी त्यात पेज शिजवायची. हातचं राखून काही ठेवलं नाही. सहा वर्षांनी मिळालेलं सहा घटकांत देऊन टाकलं.

चैत्राली वाल हुंगून गेली त्याच दिवशी पाटी चांगूच्या हवाली करून चंद्राबाई प्रमोदिनीबाईंच्या दारात उभी राहिली. बाई नुकत्या शाळेतून आल्या होत्या.

“अगं चंद्राबाई, ये ना. पाणी घेतेस?”

“पुस्तकात ‘चंद्राबाई सांगतात’, आनि तोंडावर ‘अगं’. बरं हाय. पानी नको. मी तुमाला पावडर कधी सांगितली?”

बाईंना क्षणभर आठवेना. मग त्या हसल्या. ते हसणंच चंद्राबाईला झोंबलं.

“अगं, वारुळाची माती असं छापलं असतं तर लोकांनी नाकं मुरडली असती. खायच्या वस्तूला माती! आणि महाडात बायकांनी वारूळ कुठून आणायचं? बोरिक पावडर औषधाच्या दुकानात मिळते. आम्ही सगळ्याच वापरतो. मी फक्त शास्त्रीय केलं.”

“तुमी वापरता तर तुमच्या नावावर छापायचं. माती ती माझी आनि पावडर बी माझी? बायका माझे वाल हुंगायला लागल्यात, बाई!”

“मी तर तुझं नाव मुद्दाम घातलं, तुझा मान म्हणून.”

“मान? तोंडाला काळं लावून वरती हळदीचं बोट!”

प्रमोदिनीबाई गोंधळल्या. वाईट बाई नव्हती ती. पण चूक मान्य करायची सवय मास्तरणीला नसते. “पुढच्या आवृत्तीत बदलू,” म्हणाल्या. आत जाऊन एक घडीची साडी घेऊन आल्या, वर प्लास्टिकच्या तीन बरण्या. “घेऊन जा. राग धरू नकोस.”

साडीकडे न बघता चंद्राबाई पायरी उतरली. मागून “अगं ऐक तरी” आलं, ते तिनं ऐकलं नाही.

वाटेत विकत घेतलेलं ते पुस्तक घरी वैशालीनं चुलीपुढं बसून सगळं वाचून दाखवलं. तांदळातली काडेपेटी होती. मिठातले भाजलेले तांदूळ होते. हिंगाचा खडा होता, पेजेचं मडकं होतं. सगळं अगदी बरोबर, जसं सांगितलं तसं. मोजून बारा. आणि त्या बारांखाली मंडळाच्या बारा बायकांची नावं. कुणी सौ. अमुक, कुणी श्रीमती तमुक.

“म्हंजे माझं खरं हाय ते त्यांच्या नावावर,” चंद्राबाई म्हणाली, “आनि त्यांचं खोटं हाय ते माझ्या नावावर.”

“सोड गो,” मुरारीनं विडी विझवली. “दोन बाजारांत लोकं इसरतील.”

“वाल इसरतील. नाव नाय इसरत. मैना म्हातारी वर बसून मला शिव्या घालत असंल, तिची माती मी कुनाच्या पदरात टाकली म्हनून.” मग जरा वेळानं, भाकरी थापता थापता, तिचं तिलाच सुचल्यासारखं बोलली, “त्या बारांचं मला काय नाय. खरं कुनाच्या बी नावावर चाललं तरी चुलीत तेच होनार. पन खोटं माझ्या नावावर नको.”

दुसऱ्या बाजारालाही पाटी अर्धी परत आली. चैत्राली फिरकली नाही. मात्र चांगूनं एक बातमी दिली. त्याच्या बायकोचं प्रमोदिनीबाईंकडे भांड्याचं काम. शुक्रवारी बाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू, मंडळाच्या झाडून सगळ्या बायका यायच्या, आणि उरलेली ऐंशी पुस्तकं वाण म्हणून वाटायची आहेत.

“ऐंशी?” चंद्राबाई म्हणाली. “आनखी ऐंशी घरं?”

शुक्रवारी तिनं कपाटातलं हिरवं लुगडं काढलं. वैशालीच्या डोक्यावर वालाची पाटी, स्वतःच्या डोक्यावर वारुळाच्या मातीचं घमेलं. पोलादपूरच्या एस.टी.त कंडक्टर म्हणाला, “म्हातारे, माती कुठं चालवलीस, महाडला माती नाय का?” “शानी माती नाय,” चंद्राबाई म्हणाली. तिकीट घेतलं आणि घमेलं मांडीवर घेतलं.

तिला आमंत्रण नव्हतं. पण हळदीकुंकवाच्या दिवशी दारात आलेल्या सवाष्णीला परत पाठवायचं नसतं, हे प्रमोदिनीबाईंना माहीत होतं, आणि ते त्यांना माहीत आहे हे चंद्राबाईला माहीत होतं. घरात तीसेक बायका. पितळी झोपाळ्यात गौर, पुढं कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ, पन्ह्याचे पेले. कोपऱ्यातल्या स्टुलावर पुस्तकांचा गठ्ठा. चंद्राबाई घमेलं उंबऱ्याबाहेर ठेवून आत आली, गौरीला हात जोडले आणि कपाळ पुढं केलं.

“लावा बाई.”

बाईंनी कुंकू लावलं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. चंद्राबाईनं पन्हं घेतलं, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग पेला ठेवून म्हणाली, “सवाष्ण तृप्त झाली. आता एक परात द्या.”

“कशाला?”

“तुमी पुस्तक वाटनार, तर मी करून दाखवते. पुस्तकात हाय ते नाय, माझ्या घरात हाय ते.”

परात कुणी आणली ते कुणाला कळलं नाही, बहुतेक बायकांत बसलेल्या चैत्रालीनंच. अंगणात, तुळशीपाशी चंद्राबाई फतकल मारून बसली. मातीत पाणी ओतलं, हातानं फेटलं. बायका दारात दाटल्या. तिनं वाल सोडले आणि लोळवले. बघता बघता पांढुरके दाणे तांबडे झाले.

“ही माती. ह्यात औषद नाय, पावडर नाय. आनि हे मागल्या वर्साचे,” पाटीच्या तळाची पुरचुंडी सोडून तिनं वाळलेले वाल दाखवले. “वर्स झालं. शोधा टोका. ज्या बाईला एक गावंल तिच्या घरी मी जन्मभर फुकट दळन दळीन.”

बायकांनी शोधलं. एकीनं तर चष्मा लावून शोधलं. वैशालीनं त्यातले मूठभर तांब्यात टाकून हलवले, लाल पाणी तुळशीत ओतलं आणि स्वच्छ वाल पुढं केले.

“मग तुम्ही बोरिक पावडर का सांगितलीत?” चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

चिखलाचे हात गुडघ्यांवर ठेवून चंद्राबाईनं प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं. सगळ्या बायकांनी पाहिलं. झोपाळ्यातली गौरसुद्धा तिकडेच बघत होती म्हणा.

“त्यांनी नाही सांगितली,” प्रमोदिनीबाई शेवटी म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता. “माती लिहायची मला लाज वाटली. पावडर माझी.”

“आना गठ्ठा.”

“चंद्राबाई, ऐंशी आहेत.”

“मला अंगठा एकच हाय, पन दमत नाय.”

गठ्ठा आला. वैशाली पान काढून ओळ दाखवायची आणि चंद्राबाई अंगठा चिखलात बुडवून बोरिक पावडरीवर दाबायची. अख्ख्या जन्मात तिनं अंगठा उठवला होता तो रेशनच्या आणि तलाठ्याच्या कागदांवर, त्यात काय लिहिलंय ते न कळता. आज पहिल्यांदा कळून उठवत होती. तिच्या शेजारी, रेशमी साडी सावरत, प्रमोदिनीबाई पाटावर बसल्या आणि प्रत्येक अंगठ्याखाली पेनानं लिहीत गेल्या: वारुळाची माती. विसाव्या पुस्तकाला साडीला चिखल लागला. त्यांनी झटकला नाही. चैत्रालीनं पिशवीतून आपलं पुस्तक काढून रांगेत सरकवलं आणि दोन पायली वाल बाजूला ठेवायला सांगितले.

“मापानं बरं का,” चंद्राबाई म्हणाली. हसली मात्र नाही.

ऐंशी संपली तेव्हा उन्हं कलली होती. बायका वाण घेऊन पांगत होत्या, पानं वाळावीत म्हणून पुस्तकं उघडी धरून. चंद्राबाईनं हात धुतले, घमेलं उचललं आणि मग उंबऱ्यापाशी थांबली.

“आधी किती इकली?”

“दोनशेवर,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “पुण्याला गेली, ठाण्याला, डोंबिवलीला. बायकांनी माहेरी पाठवली.”

चंद्राबाईचा चेहरा पुन्हा तसाच झाला, मंडईतल्या दिवसासारखा. “म्हंजे तिकडं मी झुरळाचीच पावडर खायला घालते अजून.”

“नावं आहेत माझ्याकडे. कोणी किती नेली त्याची.”

“मंग पोस्टकार्डं आना,” चंद्राबाई म्हणाली, आणि उंबरा ओलांडून पुन्हा आत येऊन बसली. “माती उरलीय.”