दोन बधिर बोटं आणि चार चमचे मीठ

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने निदान मूर्खपणा तरी पद्धतशीर करावा. माझ्याच्याने तेवढंही झालं नाही.

गोंडपिपरीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावातल्या शाळेत मी शिकवतो. तिथे पोरांची खिचडी शिजवणाऱ्या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. चुलीवरचा भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, फडकं न घेता नुसत्या हातांनी उतरवतात. त्याचं गावभर कौतुक, आणि कौतुक करणाऱ्यांत मी पुढे. थंडीतल्या एका सकाळी हापशीवर तोच गंज घासता घासता त्या हात झटकत म्हणाल्या, "सर, हे करंगळी अन् हे बाजूचं बोट, माह्ये राह्यलेच नाई असं वाटते. थंडीनं बधिर होऊन जाते."

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि माझ्याकडे विषय नव्हता. तो हा असा हापशीवर मिळाला. हात शेकायची पिशवी!

प्रयोगशाळेच्या कपाटात कॅल्शियम क्लोराइडची जुनी बाटली होती, दमट हवेने आतलं मीठ दगड झालेलं. ते फोडलं. जाड पिशवीत मीठ, त्यातच पाण्याची छोटी पातळ पिशवी. दाबली की आतली फुटते, मीठ विरघळतं आणि पाणी तापतं. बाईंना पटेना. "युरिया पाण्यात टाकला तं बकेट थंडगार होते. तुमचं मीठ काऊन गरम करते जी?" प्रश्न पहिल्या बाकावरचा होता. काही क्षार विरघळताना उष्णता देतात, काही घेतात, एवढं सांगून मी ऐटीत पुढे गेलो.

आता खरी गोष्ट, पाण्याच्या मापाला मीठ किती घ्यायचं. तिथे थर्मामीटर लागतो. आमचा फुटलेला होता. नवा आणायला राजुऱ्याला जावं लागलं असतं, म्हणून मी म्हणालो, बाईंचा हात आहे की! पोरांसमोर त्यांना खुर्चीवर बसवलं. ज्या बोटांची तक्रार, त्यातच त्यांनी पिशवी घट्ट धरली.

दोन चमचे. "लागते का गरम?"

"नाई जी."

तीन चमचे. "आता?"

"कोमट असन. आणखीन टाका नं सर, मीठ काय तुमच्या घरचं हाये?"

पोरं हसली. चार चमच्यांवर बाई म्हणाल्या, "बरं हाये." मी वहीत लिहिलं, 'चार चमचे, योग्य.'

प्रदर्शनात परीक्षक म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पिशवी दाबली, तळहातावर धरली आणि "अगं आई!" करून टेबलावर टाकली. तळवा लाल झाला होता. मी काय करावं? मी विनोद केला. म्हणालो, "मॅडम, तुमचे हात खुर्चीवरचे. आमच्या बाईंच्या हाताला आग लागत नाही." मांडवात हशा झाला. पोरांसोबत आलेल्या बाई मागे उभ्या होत्या. त्याही थोड्या हसल्या.

मॅडम हसल्या नाहीत. "बाई, हात दाखवा बरं."

करंगळीखाली, तळहाताच्या कडेला टपोरा फोड होता.

"हा कधी आला?"

"काल सरांनी चार चमच्याची देली, तवाच असन. सायंकाळी दिसला."

"दुखतो?"

"नाई जी."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. बाईंची बोटं थंडीने बधिर होतात म्हणूनच ही पिशवी केली, मी सांगितलं. "सर, या बोटांना काही कळतच नाही. थंडीचा काय संबंध? उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या."

आमच्या भागात याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. 'बधिर चट्टा, कुष्ठरोगाची खूण' हे पाटीवर लिहून दरवर्षी गावातून पोरांची फेरी मीच काढतो. घोषणाही मीच देतो.

परतताना गाडीवर बाई मागून हळूच म्हणाल्या, "सर, कोणाले सांगू नोका. खिचडीचं काम जाईन माह्यं. पोरं खातीन का मंग माह्या हातचं?" वळणं नसलेल्या रस्त्यावरही मी उगाच हॉर्न वाजवत राहिलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले. कापसाच्या टोकाने हाताला जागोजाग स्पर्श करत गेले. स्पर्श कळला की बाई "हो" म्हणायच्या. करंगळीकडे कापूस आला आणि बाई गप्पच बसून राहिल्या, शहाण्या मुलीसारख्या डोळे मिटून, पुढच्या स्पर्शाची वाट बघत. मी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर म्हणाले, कुष्ठरोगच आहे, पण वेळेत आलात. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण होत नाही. स्वयंपाक खुशाल करा, मुख्याध्यापकांशी लागलं तर मी बोलतो. फक्त गंज उतरवताना फडकं घ्यायचं, कारण भाजलेलं तुम्हाला कळणार नाही.

"आणि हा फोड कशाने आला?"

"गंजाचा चटका जी," बाई ताबडतोब म्हणाल्या.

मला वाचवत होत्या. ते मात्र सहन होईना. "नाही डॉक्टर," मी उठून उभा राहिलो, "हे मी केलं. मीठ मी टाकलं. बाई सांगत होत्या बधिर आहे म्हणून, मीच..." माफीचं मोठं भाषण तयार होतं.

"सर," बाई म्हणाल्या, "बसा नं जरा. डॉक्टरसाहेब गोळ्या सांगून राह्यले, ते ऐकू द्या मले."

मी बसलो.