दोन वेळची धार आणि तीन कुरिअर कंपन्या

दुष्काळात गावातली जनावरं छावणीला गेली आणि आमच्या महिला दूध संस्थेचे कॅन पालथे पडले. मी संस्थेची सचिव. ज्या संस्थांचं संकलन बंद आहे त्या गुंडाळायच्या, असं वरून ठरलं आणि तशी नोटीस आली. संस्था गेली की खोलीही जाणार. ती आम्ही डोक्यावर दगड वाहून बांधलेली. अख्ख्या गावात बायकांच्या नावावर तेवढ्याच चार भिंती होत्या.

खोलीत काहीतरी चालू दिसायला हवं, म्हणून कुरिअरची शाखा घ्यायचं माझ्या डोक्यात आलं. बीडहून तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आणली. पहिलीला रस्त्याकडेला शटर आणि काचेचं दार हवं होतं. दुसरीला संगणक आणि दुचाकी. मात्र पाटोद्यापर्यंतची सगळी गावं ती आम्हालाच देणार होती. तिसरीची कसलीच अट नव्हती, ते मला पटलं नाही. न स्वीकारलेलं पार्सल कुणी सांभाळायचं, हे तिघींनीही लिहिलं नव्हतं.

सभेत मी तक्ता वाचून दाखवला. आमच्या चेअरमनबाईंना सगळ्या अक्का म्हणत. त्या म्हणाल्या, "कागद ऱ्हाऊ दे. म्हैस घेताना काय करतीस?"

"दोन वेळची धार काढून बघते."

"मग ह्यांची कावून न्हाई?"

हात वर झाले. ठराव मंजूर.

पार्सलांत घालायला सहा जणींनी बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या आणल्या. दुधाच्या काट्यावर तोलून मी त्या दुधाच्याच वहीत चढवल्या. दुसरी वही नव्हती. एकीची पुडी हलकी भरली तर मागची म्हणाली, "आटली का गं?"

बीडला बहिणीकडे मुक्काम करून मी प्रत्येक कंपनीत एक पार्सल सकाळी टाकलं, एक संध्याकाळी. पत्ता आमच्याच संस्थेचा.

पहिल्या कंपनीची दोन्ही पार्सलं पुणे बघून आठ दिवसांनी आली. वजन बरोबर, खारोड्यांचं पीठ. दुसरीची दोन दिवसांत आली, पण एक पाव किलोनं जास्त भरलं. उघडलं तर आत कुणाची तरी लाल मिरची.

"पान्हा चांगलाय," अक्का म्हणाल्या.

तिसरीचं एकही पार्सल आलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांचा माणूस आला.

"ताई, तुमच्या गावात आमची शाखा नाही. शाखा नसली की पार्सल येत नाही."

"मग तुम्ही कसे आलात?"

"मी शाखेचं बोलायला आलोय."

"पार्सल आणलंय?"

"ते शाखा घेतल्यावर येईल."

"ते आल्याबिगर आमी शाखा घेत न्हाई," अक्का म्हणाल्या.

तो चहा प्यायला बसला. तेवढ्यात खोलीला कुलूप लावायला वरच्या कार्यालयातले साहेब आले. पिशवीतून त्यांनी कुलूप काढलं, छापील कागद काढला आणि वही मागितली. मी दिली. त्यांचं बोट ओळींवरून फिरत गेलं: सभासदाचं नाव, सकाळ, संध्याकाळ, वजन.

"हे दूध आहे?"

"खारोड्या हायेत," अक्का म्हणाल्या.

"फॅटचा रकाना मोकळा आहे."

"खारोडीचा फॅट तुमीच काढून दावा, साहेब."

कागदावर दोनच चौकोन होते: संकलन चालू आणि संकलन बंद. साहेबांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. बंद लिहावं तर वहीत वजन होतं. त्यांनी चालूवर खूण केली, कुलूप पिशवीत टाकलं आणि पुढच्या महिन्यात परत वही बघेन म्हणाले.

कुरिअरचा विषय तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी उजाडताच पंधरा-वीस जणी खोलीसमोर रांगेत होत्या. कुणाकडे शेवया, कुणाकडे कुरडया, एकीकडे नुसत्याच चिंचा. मी काटा पुसला आणि नावं लिहायला घेतली.