माणिकप्पांच्या बंदुकीचा वास

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात दोनच बार काढले. पहिला स्वतःच्या लग्नात, आकाशाकडे. आकाश मोठं असल्यामुळे तो चुकला नाही. दुसरा करडईत शिरलेल्या रानडुकरावर. डुकरानं मागं वळून बघण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही. एवढ्या पराक्रमावर माणूस जन्मभर मिशा पिळत बसू शकतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दाजी म्हणजे माणिकप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचे, शिवगंगाअक्काचे यजमान. गाव अहमदपूरपासून सात मैलांवर. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पोटात कधी अंड्याचा कणसुद्धा गेलेला नाही, आणि घरात खुंटीला बारा बोअरची एकनळी. ती त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा जहागीरदाराकडून घेतलेली. लायसन शेतीच्या राखणीचं. काडतुसं जुनी होऊन कधीच वाया गेली होती. नवी आणायचं दाजी टाळत, कारण भरलेल्या बंदुकीला ते स्वतःच भीत. ही गोष्ट फक्त अक्काला आणि मला ठाऊक होती.

जी बंदूक उडतच नाही ती घाण कशानं होणार? पण दर सोमवारी महादेवाची पूजा आटोपली की दाजी ती साफ करायला घेत. आधी मधल्या खोलीचं दार लावायचं, मग खिडकी. नळी वेगळी नि लाकडी दस्ता वेगळा अशी उघडी बंदूक परक्यानं पाहिली तर घराची अब्रू जाते, असं त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. मग बाटलीचं बूच काढायचं. बाटलीत रॉकेल, पेट्रोल, रंगाऱ्याचं थिनर, आणि पवित्र म्हणून चिमूटभर कापूर. हा नुस्खा खास दाजींचा. चिंध्या त्यात बुडवायच्या, गजाला गुंडाळायच्या आणि तासभर नळीतून मागंपुढं करायच्या.

त्या बंद खोलीत चिंध्या हातात द्यायला अक्का उभी असायची. लग्न झाल्यापासून, बावीस वर्षं. आधी तिचं डोकं दुखायचं. मग खोकला आला. मग ती पाण्याची कळशी घेऊन चार पायऱ्या चढली तरी धापा टाकायला लागली. अहमदपूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "तुमच्या घरी रंगाचं काम चालतं का?" अक्का म्हणाली, "बंदुकीचं चालतं." डॉक्टरांनी मलाच बाहेर घेऊन सांगितलं की हा वास थांबला नाही तर दोन-तीन हिवाळ्यांत हिचा दमा कुणाच्या हातात राहणार नाही.

मी अहमदपूरच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक. दाजींच्या भाषेत बाटल्या धुणारा. तरी त्या दिवशी मी तडक गेलो आणि त्यांना समजावून सांगितलं. रॉकेल सुकलं की चिकटा धरतं आणि त्याखाली गंज चढतो. थिनर दस्त्याचं पॉलिश खातं. पेट्रोलची वाफ बंद खोलीत साठते, ती छातीत जाते, आणि एक ठिणगी पडली तर घरासकट जाते. शिवणयंत्राचं तेल घ्या. नळीत लावून थोडा वेळ मुरू द्या, पितळी ब्रश फिरवा, कोरडी चिंधी घाला, शेवटी तेलाचा पुसट हात द्या. मळ ब्रशानं आणि सबुरीनं निघतो. दरवाजे उघडे ठेवा.

"त्याला वास येतो का?" दाजींनी विचारलं.

"जवळजवळ न्हाईच. म्हणून तर सांगायलोय. नुसता वास न्हाई म्हणून एखादी वस्तू चांगली ठरत न्हाई, दाजी. पण ह्या तेलाची वाफच होत न्हाई, तर छातीत जाईल कुठून?"

"मग काय उपयोग?" दाजी म्हणाले. "मला आता नाकानं काही कळत न्हाई. पण वास सुटला की गल्लीत लोकं म्हणतात, माणिकप्पाची बंदूक निघाली. तो धाक हाय. बिनवासाच्या बंदुकीला कोण विचारतंय?"

अक्काच्या छातीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. पण अगदीच दगड नव्हते. दुसऱ्या सोमवारपासून त्यांनी तिला खोलीबाहेर राहायची मुभा दिली. वास स्वयंपाकघरात येतच होता, तरी उपकार मोठे.

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली आणि दुष्काळ पडला. टँकर चार दिवसांनी यायचा, आला तर. दाजींच्या परसातल्या विहिरीत मात्र छातीभर पाणी होतं. झालं, दाजींच्या जन्माचं सार्थक झालं. विहिरीशेजारी बाज टाकून, मांडीवर रिकामी बंदूक घेऊन ते बसायला लागले. कुणी घागर घेऊन परसाच्या दगडी गडग्यापाशी उभं राहिलं की दाजी नुसते खाकरत. बाई परत जायची. तान्हं पोर कडेवर असलेली बाईसुद्धा परत जाताना मी पाहिली. मला दाजींची इतकी किळस कधी आली नव्हती. आणि धाक कमी पडू नये म्हणून आता सोमवारचं काम रोजचं झालं. वेळ ठरलेली नसायची, मनाला येईल तेव्हा ते आत जाऊन दार लावून घ्यायचे. अक्काचा खोकला दिवसरात्र सुरू झाला.

शेवटी उपयोगी पडला तो नवा जिल्हा. गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं तोवर लायसनचं काम कागदावर भागायचं. लातूर जवळ आलं आणि फर्मान निघालं की बंदूक दाखवायला घेऊन या. दाजी काळा कोट घालून, बंदुकीला धुतलेल्या धोतरात गुंडाळून निघाले. मला सोबत घेतलं, कारण अर्ज लिहायला बाटल्या धुणारा चालतो. कचेरीत बंदुका तपासणाऱ्या जमादारानं नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली, आत डोळा लावला आणि मग नळी नाकाशी नेली.

"काका, ही बंदूक हाय का रंगाचा डबा? आत गंजाचे ठिपके हायत. दस्ता पांढरा पडलाय. कशानं धुता हो?"

रांगेतली माणसं हसली. दाजींनी नुस्ख्याचं नाव काढलं नाही.

"हलकं मशीनचं तेल लावत जा," जमादार म्हणाला. "एवढा वास मारून कुणाला भ्या दाखवायलात?"

हेच मी दोन वर्षं घसा फोडून सांगत होतो. पण शहाणपण खाकी कपड्यात आल्याशिवाय दाजींना ओळखू येत नाही. परतताना अहमदपूरच्या बसस्टँडवर उतरल्यावर दाजी म्हणाले, "ते तुझं तेल दे मग." मी तेलाची बाटली आणि ब्रश घरात तयारच ठेवला होता. त्याच आठवड्यात त्यांच्यासमोर नळी साफ करून दाखवली. आत चकाकी आली. जुनी बाटली मी स्वतः अक्काच्या हातात दिली आणि सांगितलं, लांब नेऊन मातीत ओतून टाक. त्या दिवशी सात मैल सायकल मारत मी जवळजवळ गाणं म्हणत आलो.

पंधरा दिवसांनी रविवारी गेलो तर गल्लीच्या तोंडालाच तोच वास. तेच रॉकेल, तेच थिनर, तोच दळभद्री कापूर. माझं डोकं फिरलं. मी मधल्या खोलीचं दार दणकावलं. दाजींनी फटीतून डोळा दाखवला, मी दार ढकलून आत शिरलो आणि तोंडाला येईल ते बोललो. बायकोच्या जिवापेक्षा मिशा मोठ्या झाल्या का, म्हटलं. दारात आलेल्या बाईला पाणी नाकारणारा माणूस बायकोला श्वास तरी कशाला देईल, म्हटलं. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याशी असं बोलत नाहीत. मी बोललो, आणि मला बरं वाटलं.

दाजी नळी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. पुढ्यात शिवणयंत्राच्या तेलाची बाटली होती. चिंध्या पिवळट, स्वच्छ. मी एक उचलून हुंगली. काहीच नाही.

"कसला वास?" दाजींनी विचारलं.

त्यांना खरोखरच कळत नव्हतं. बावीस वर्षांत त्यांचं नाक कधीच मेलं होतं. मी दार ओढून घेतलं आणि वासाच्या मागावर परसात गेलो.

मागच्या दाराच्या उंबऱ्याशी मातीच्या परळात भिजलेला बोळा होता, आणि मी ओतून टाकायला दिलेली तीच जुनी बाटली. शेजारी अक्का भिंतीला टेकून बसली होती, पदर नाकावर, खांदे धापेनं वरखाली होत होते. आणि विहिरीवर सहासात बायका होत्या. रहाट कुरकुरतो म्हणून त्यांनी दोर त्यावरून उतरवला होता आणि हातानं शेंदत होत्या. कुणी बोलत नव्हतं. भरलेल्या घागरी गडग्याच्या पडक्या जागेतून पलीकडे जात होत्या. खालच्या गल्लीतली साखराबाई, कडेवर तान्हं असलेली तीच बाई, मला पाहून जागच्या जागी थबकली.

"भर गं," अक्का तिला म्हणाली. "माझा भाऊ हाय."

मी अक्काजवळ बसलो. विचारायला तोंड उघडलं, पण तिनंच सांगितलं, अडखळत, मधे मधे दम घेत.

"दार लावून बसले की तासभर उठत न्हाईत. उघडी बंदूक टाकून यायचे न्हाईत. वास सुटला की ह्या बायांना कळायचं, आता जायचं. दुष्काळ लागल्यापासनं असंच हाय. तू वास बंद केलास. पाच दिवस एकीला पाणी न्हाई मिळालं."

"मग निरोप धाड. लुगडं वाळत घाल गडग्यावर. ही बाटली कशाला उघडायची?"

"लुगडं भावकीला दिसतं. हे आत बसले की मगच का, म्हणून विचारतील. ह्या वासाला कोण विचारतंय? तो ह्या घरचाच हाय."

ज्या वासानं गाव थरथरतं असं दाजी समजत होते, त्या वासानं गाव घागरी उचलत होतं. यावर मी पोट धरून हसायला हवं होतं. पण अक्काला ढास लागली, ती भिंतीला धरून वाकली, आणि मला लाज वाटली. दोन वर्षं मी तिच्या छातीची काळजी केली, आणि एकदाही तिला विचारलं नव्हतं की अक्का, तुला काय वाटतं. बाटली ओतून टाक म्हणून हुकूम सोडला आणि सायकलवर टांग टाकली. दाजी निदान बंदूक तरी साफ करत होते.

"डॉक्टर काय म्हणाले तुला ठाऊक हाय," मी म्हणालो.

"हाय. पाऊस पडला की बंद करीन."

मी उठून परळ उचललं आणि गडग्याच्या पार कोपऱ्यात, बाभळीखाली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेऊन ठेवलं. वास तिथून सरळ खालच्या गल्लीत उतरत होता. अक्काला सांगितलं, बोळा लांब काठीला बांध, बाटली उघडायच्या आधी श्वास धर, बोळा भिजला की बूच लाव आणि चालू लाग, तिथं बसायचं नाही. नवी बाटली भरताना पेट्रोल वगळ, थिनर वगळ, नुसतं रॉकेल आणि कापूर पुरे. बायकांना तेवढं कळतं. एवढंच माझं रसायनशास्त्र. त्यानं विष संपलं नाही, थोडं लांब गेलं.

मधल्या खोलीचं दार वाजलं. बायका घागरी घेऊन गडग्यापलीकडे झाल्या. साखराबाईनं जाता जाता दोर पुन्हा रहाटावर चढवला. दाजी मिशांवरून हात फिरवत, चकचकीत बंदूक घेऊन परसात आले आणि विहिरीत डोकावले. माझं बोलणं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं, त्याला तरी मन लागतं. उलट ते खुशीत होते.

"बघ, वास बंद केला तरी धाक हाय. एक माणूस फिरकत न्हाई हिकडं," ते म्हणाले. मग पुन्हा खाली बघून कपाळाला आठी घातली. "पण पाणी उतरायलंय. कशानं रे?"

भिंतीशी अक्का श्वास रोखून माझ्याकडे बघत होती.

"ऊन लई हाय, दाजी," मी म्हणालो.

तिनं श्वास सोडला आणि खोकला आला, मी ऐकत राहिलो, तो बराच वेळ थांबला नाही.