रोवीनावर आलेला आळ

आयव्हर ट्रेगर मेंढ्या हाकतो ते बघवत नाही. कुत्रं गाडीत बांधलेलं आणि हा कळपामागून रमतगमत. "अरे, पोचेपर्यंत म्हाताऱ्या होतील त्या!" आम्ही शेजारी चिडवायचो. तो हसायचा नाही.

त्याचं कारण एका उन्हाळ्यात आहे. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, तेव्हापासूनच रान करडं पडलं होतं. हिरवा चारा संपला की वाढत्या कोकरांना ई जीवनसत्त्व मिळत नाही, ते वरून पाजावं लागतं. हे आमच्या गव्हाच्या पट्ट्यात शेंबडं पोरही सांगेल. बाटली आयव्हरच्या फ्रिजमध्ये होती. पण गावात लॉन बोल्सचे, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचे, सामने चाललेले आणि हा संघाचा कप्तान. माणूस वाईट नव्हे, नाद वाईट.

तिथंच जनावरांच्या डॉक्टरनं त्याला हटकलं, "अजून पाजलं नाहीस? मग आता हाकू नकोस. रानातच जाऊन पाज."

रानात कोण उन्हात मरणार! घरी येऊन त्यानं लेकीला फर्मावलं, "रोवी, कोकरं वाड्यात आण."

"बाबा, ती ताठरल्यासारखी चालतायत."

"आळसावलीत. कुत्रं सोड मागे."

ई कमी पडलेलं कोकरू पळवलं की त्याचे स्नायूच निकामी होतात. फाटकाशी येता येता ती पटापट पडली. आम्ही मदतीला जमलो होतो. सगळ्यांदेखत आयव्हर ओरडला, "किती पळवलंस गं! मारलीस ना!" रोवीना पांढरीफटक पडली. डॉक्टरचं बोलणं आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आम्हीही तिच्याकडेच पाहिलं. याची मला आजही लाज वाटते.

रोवीना शेतावरच राहिली, आता तीच सगळं बघते. यंदा पाजायच्या दिवशी मी कोकरं धरत होतो. आयव्हर अचानक म्हणाला, "रोवी, ती कोकरं तू नाही मारलीस. डॉक्टरनं मला हाकू नको म्हणून सांगितलं होतं."

तिचा हात थांबला.

"मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं, बाबा. आईला सांगायचंस. शेवटच्या आजारातसुद्धा माझा हात धरून म्हणत होती, 'रोवी, तुझ्या बाबानं तुला केव्हाच माफ केलंय.'"